हिश्श्याला लागलंय

आयर्विन पुलाच्या अलीकडं अक्कांचा चहाचा गाडा आहे, त्याला लागून आमचा कट्टा. रविवारी संध्याकाळी तिथं जे झालं ते घरी जाऊन लगेच लिहून काढलं. प्रकरण सांगलीत सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळं पुन्हा उगाळत नाही. गणपती मंडळानं केलेलं म्हशीचं नाटक, दसऱ्याचा तिकीट लावून केलेला प्रयोग, बोर्डावर लेखकाच्या जागी 'मंडळाचे कार्यकर्ते', आणि दुसऱ्या दिवशी लेखकानं दिलेलं चार ओळींचं पत्र.

एक आधीच सांगतो. त्या नाटकाची संहिता माझ्याच दुकानात टाइप झाली. मंडळासाठी बारा झेरॉक्सही माझ्याच मशीनवर निघाल्या. मंडळाचा बंडा म्हणाला, नुसतं वाचन करायचंय. मी दिल्या. लेखकाला एक फोन करायला हवा होता, तो केला नाही. ही गोष्ट मला आजही टोचते. तेव्हा मी या भांडणात कुणाच्या बाजूनं आहे ते उघड आहे.

बंडा आला तोच गरम होऊन. गाडी स्टँडवर लावायच्या आधी सुरू.

"हजार रुपये! प्रयोगाला हजार रुपये मागतंय ते! गणपतीच्या मंडळाकडं! देवाच्या कामाला पैसे मागतात व्हय रे कुठं?"

दस्तगीर भडंग खात बसला होता. मिरजेहून दर रविवारी येतो. तीन पिढ्यांचं तंबोऱ्याचं काम आहे त्यांच्या घरी. त्यानं मान वर न करता विचारलं, "मांडववाल्यानं किती घेतले?"

"अठरा हजार."

"साउंडवाल्यानं?"

"बारा. पण त्यो आपला माणूस हाय, कमी लावलंय त्यानं."

"म्हणजे देवाच्या कामाला मांडववाला पैसे घेतो, साउंडवाला घेतो, हारवाला घेतो. फुकट फक्त ज्यानं नाटक लिहिलं त्यानं करायचं. देव काय फक्त लेखकालाच पावलाय?"

अक्का हसल्या. बंडा नाही हसला. तो कट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसला आणि म्हणाला, "तू बोलू नको. तुझा भोपळ्याचा राग हाय माझ्यावर."

भोपळ्याचा राग आहेच, आणि तो का आहे तेही सांगायला हवं. पाच-सहा वर्षांपूर्वी मंडळाच्या नाटकात एका गवयाचं घर दाखवायचं होतं. दस्तगीरनं एक अर्धवट झालेला तंबोरा दिला, पंढरपूरकडून आलेला निवडक भोपळा, वर्षभर वाळवलेला. तो परत आला तेव्हा त्याला मागून भोक होतं. नेपथ्यवाल्यानं आत बल्ब सोडून लामणदिवा केला होता. वर हळदकुंकूही लावलं होतं. दस्तगीर तेव्हा काही बोलला नाही. पण त्यानंतर एकही रविवार त्या भोपळ्याशिवाय गेलेला नाही.

"भोपळ्याचं नंतर बघू," दस्तगीर म्हणाला, "आधी म्हशीचं सांग. म्हैस थर्माकोलची कुणी केली?"

इथं ज्यांनी मूळ नाटक वाचलेलं नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. दोघं भाऊ. घराची वाटणी झालेली: खालचा मजला थोरल्याचा, वरचा धाकट्याचा. तीस वर्षं अबोला. पूर येतो आणि दोघं वरच्या गच्चीत अडकतात, सोबत थोरल्याची म्हैस. अंकांना नावं आयर्विन पुलाजवळ मोजतात त्या पाण्याच्या फुटांची आहेत. पहिला 40, म्हणजे इशारा. दुसरा 45, म्हणजे धोका. तिसरा 57. सांगलीकराला हे आकडे समजवावे लागत नाहीत. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 च्या वर गेलं तेव्हा हा लेखक स्वतः चार दिवस एका गच्चीत होता. मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहे तो. त्यानं मला सांगितलं होतं, "रात्री अंधारात शेजारच्या गच्चीवरनं हसू यायचं. माणसं सगळं गेलेलं असताना हसत होती. ते मला लिहायचं होतं." म्हणून हे नाटक.

दोघं भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत, म्हशीमार्फत बोलतात. आणि म्हैस रंगमंचावर कधीच येत नाही. विंगेतून एक दावं आलेलं असतं, एवढंच. ते दावं ताणलं की म्हैस 'नाही' म्हणते, सैल पडलं की 'हो'. मी टाइप करताना खुर्चीवरून पडायचा राहिलो होतो.

"थर्माकोलची म्हैस मुलांनी चार रात्री जागून केली," बंडा म्हणाला. "डोळे मिचकावत होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या."

"टाळ्या म्हशीला. हसू कुठं गेलं?"

एवढ्यात सर आले. मफलर, हातात वर्तमानपत्राची गुंडाळी. सरांनी शाळा-कॉलेजांच्या स्पर्धांना परीक्षक म्हणून आयुष्य काढलं आणि त्यांचं प्रत्येक वाक्य 'मुळात'पासून निघतं. त्यांनी बसता बसता विषय ओळखला.

"मुळात," सर म्हणाले, "या नाटकाला आपण नाटक म्हणायचं का, हा प्रश्न आहे. मुळात विनोद हा आशयाला मारक. बंडोपंतांनी शेवटी जे कारुण्य आणलं, त्यामुळं प्रयोगाला काहीएक उंची आली."

"किती फूट?" अवीनं विचारलं. अवी वकिलांच्या ऑफिसात आहे.

"मुळात उंची ही फुटांत..."

"सर, पुलाजवळ बसून उंची म्हटल्यावर फूटच विचारणार की."

सरांनी दुर्लक्ष केलं. "राज्य नाट्य स्पर्धेत बघा. विनोदी नाटकाला परीक्षक गांभीर्यानं घेत नाहीत. का? कारण त्यात चिंतन नसतं. मुळात हसवणं सोपं."

दस्तगीरनं भडंगाचा कागद चुरगाळला. त्याचा हा आवाज मी फार कमी वेळा ऐकलाय.

"सर, गंभीर नाटकात माणूस गप्प बसला तर तुम्ही म्हणता विचारात पडलाय. झोपला तरी म्हणता अंतर्मुख झालाय. विनोदी नाटकात माणूस गप्प बसला तर लेखकाला लपायला जागा नाही. पाचशे माणसांच्या पुढं, तिथल्या तिथं निकाल लागतो. सोपं असतं तर तुम्ही एक तरी लिहिलं असतं."

सर म्हणाले, "मी प्रहसन लिहिलंय. 1984 साली."

"कुणी हसलं?"

"मुळात ते हसण्यासाठी नव्हतं."

आबा पलीकडं काठीवर हनुवटी टेकून बसले होते. आबांनी चाळीस वर्षं विंगेत बसून प्रॉम्प्टिंग केलं. सांगलीतली अनेक हौशी नाटकं त्यांच्या आवाजावर उभी राहिली आणि त्यांचं नाव एकाही हँडबिलावर नाही. आबा एरवी फार बोलत नाहीत. त्या दिवशी बोलले.

"सर, मराठी नाटक सुरू करणाऱ्या विष्णुदास भाव्यांच्या खेळात पहिल्यांदा कोण यायचं, सांगा बरं?"

सर म्हणाले, "1843. सीता स्वयंवर. सूत्रधार."

"त्याच्या मागनं?"

सर थांबले.

"विदूषक," आबा म्हणाले. "झाडपाला गुंडाळून, उड्या मारत यायचा. सूत्रधाराशी चावटपणा करायचा. तो झाल्यावर गणपती, गणपती झाल्यावर सरस्वती, आणि मग राम-सीता. देवाच्या आधी हसवणारा. आणि तुम्ही म्हणता हसवणं खालचं. अहो, आपल्या गावात नाटकाचं दार त्यानंच उघडलंय."

मला वाटतं, या एका गोष्टीवर चर्चा तिथंच संपायला हरकत नव्हती. सांगलीला नाट्यपंढरी म्हणायचं, 5 नोव्हेंबरला रंगभूमी दिन करायचा, हार घालायचे, आणि आपल्याच गावात अकरा विनोदी नाटकं लिहिलेला माणूस कापडी पिशवीत स्वतःची पुस्तकं घेऊन फिरतो त्याला व्यासपीठावर खुर्ची नाही. दोनशे प्रती छापतो स्वतःच्या पगारातून. कुठल्या संस्थेचा नाही, कुठल्या निर्मात्याचा नाही. जो मागेल त्याला संहिता मोबाइलवर पाठवतो. अटी तीन: नाव लावा, तारीख कळवा, तिकीट लावलं तर प्रयोगाला हजार रुपये. तिन्ही अटी संहितेच्या पहिल्याच पानावर आहेत. मीच टाइप केल्यात, ठळक अक्षरात.

पण कट्टा कधी एका मुद्द्यावर संपत नाही. सरांना एक मुद्दा सापडला, आणि कबूल करायला हवं, तो मुद्दा चांगला होता.

"मुळात आबा, तुम्हीच भावे काढलेत म्हणून सांगतो. भाव्यांच्या नाटकात पदं लिहिलेली असायची. संवाद नटांनी आपल्या मनानं बोलायचे. म्हणजे नटानं बदल करणं ही आपली परंपराच आहे! बंडोपंतांनी परंपराच पाळली."

बंडा उठून उभा राहिला. "ऐका! परंपरा!"

"मग बारा झेरॉक्स कशाला मारल्यास?" दस्तगीर म्हणाला. "मनानं बोलायचं होतं तर बोलायचं. त्यानं आठ महिने बसून लिहिलेलं घ्यायचं, आणि त्यात बिघडवायचं तेवढं मनानं."

"बिघडवलं काय? एक-दोन वाक्यं सोपी केली. पोरांच्या तोंडात बसत नव्हती."

"कुठली? सांग की. 'हिश्श्याला' वाली सांग."

बंडा गप्प.

ती ओळ मी सांगतो, कारण ती माझ्यासमोर जन्माला आलीय. दुसऱ्या अंकात अंधार पडलाय. थोरला दाव्याकडं तोंड करून विचारतो, "म्हशे, विचार त्याला, पाणी कुठवर आलं?" धाकटा कठड्यावरून खाली वाकून बघतो. पहिल्या खर्ड्यात त्याचं उत्तर होतं, "म्हशे, सांग त्याला, त्याच्या खोलीत पाणी शिरलंय." लेखक दोन दिवसांनी आला आणि म्हणाला, 'खोलीत' काढा, 'वाटणीत' घाला. चार दिवसांनी पुन्हा आला, 'वाटणीत शिरलंय' काढा. असा तो चार वेळा आला, दर वेळी यार्डातून सायकलवर, एका ओळीसाठी. शेवटी कागदावर लिहूनच आणलं: "म्हशे, सांग त्याला... त्याच्या हिश्श्याला लागलंय." मी वाचलं आणि हसलो. तो म्हणाला, "झालं. आता हात लावू नका."

मंडळाच्या प्रयोगात धाकटा म्हणाला, "दादा, तुझ्या वाटणीला आलेल्या खालच्या मजल्याला आता पाणी लागायला लागलंय बघ." दादा म्हणाला! थेट! म्हशीला मध्ये न घालता! मी तिसऱ्या रांगेत होतो. सभागृहात चिटपाखरू हसलं नाही.

"अर्थ तोच हाय की," बंडा म्हणाला.

"अर्थ तोच असेल," दस्तगीर म्हणाला. मग त्यानं जे सांगितलं ते मला जसंच्या तसं आठवतंय. "तंबोऱ्याची जवारी बघितलीस कधी काढताना? घोडीवरनं तार जाते. तारेच्या खाली एक साधा सुती दोरा घालायचा. तो दोरा सरकवत सरकवत एका जागेला आणायचा. त्या जागेला आला की तार बोलायला लागते, घर भरून जातं. केसभर पुढं गेला, मुकी. केसभर मागं आला, मुकी. तार तीच, भोपळा तोच, लाकूड तेच. तू येऊन म्हणणार, दोरा तर घातलाय की! अरे, दोरा घालायला अक्कल लागत नाही. माझे अब्बा एका तंबोऱ्याला अख्खी दुपार घालवायचे, आणि गिऱ्हाईक म्हणायचं, एवढं काय केलंत? त्या माणसानं चार वेळा सायकल मारून दोरा जागेवर आणला. तू यायचास आणि सरकवायचास. आणि वर म्हणायचास तंबोरा बेसूर आहे."

कुणीच काही बोललं नाही थोडा वेळ. पुलावरून एस. टी. गेली.

अक्कांनी न विचारता दुसरा चहा ओतला.

मग बंडानं शेवटचा बाण काढला. "अवी, तू सांग. कायदा काय म्हणतोय? मला एकानं सांगितलंय, हौशी मंडळानं फुकट नाटक केलं तर लेखकाला विचारायचीबी गरज नाही."

अवी म्हणाला, "बरोबर आहे."

बंडाचा चेहरा असा फुलला, जणू काही पहिलं बक्षीस जाहीर झालंय. दस्तगीरनं अवीकडं रागानं बघितलं. मलाही धक्का बसला.

"1957 च्या कॉपीराइट कायद्यात तशी सूट आहे," अवी सांगू लागला. "हौशी मंडळ असेल आणि प्रेक्षकांकडनं पैसे घेतले नसतील, तर तो भंग धरत नाहीत. म्हणजे गणपतीत तुम्ही चौकात जो केला, त्याला तो पैसे मागू शकत नाही. त्यानंही मागितलेले नाहीत. पत्र वाचलंस का नीट? त्यानं फक्त दसऱ्याच्या प्रयोगाचं लिहिलंय. शंभर रुपये तिकीट लावलंत."

"ते मंडळाच्या पत्र्याच्या शेडसाठी होतं."

"धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी असतं तर गोष्ट वेगळी. पत्र्याची शेड म्हणजे देऊळ नव्हे. तिकीट ते तिकीट. आणि तिकिटाच्या प्रयोगाला संहिता तपासणाऱ्या सरकारी परिनिरीक्षण मंडळाचा दाखला लागतो. त्यानं स्वतः हेलपाटे घालून घेतलेला. दाखला त्याच्या संहितेला आहे. तुम्ही शेवट बदललात, म्हणजे दाखला एका नाटकाचा आणि प्रयोग दुसऱ्याचा. तिसरं, नाव. फुकट करा नाहीतर विकत, लेखकाचं नाव काढायचा आणि त्याच्या लिखाणाची मोडतोड करायचा हक्क कुणाला मिळत नाही. त्यानं हक्क विकून टाकले असते तरी नसता मिळाला."

"आयला," बंडा म्हणाला. "देवलांचं आम्ही केलं तेव्हा कोण नाही आलं विचारायला. पाच मिनिटांची तीन पदं उडवली होती."

"देवल 1916 साली गेले. लेखक गेल्यावर साठ वर्षांनी हक्क संपतो. हरिपूरला त्यांच्या गावी जाऊन पाया पड आणि कर काय करायचं ते."

"आणि अत्र्यांचं केलं ते?"

अवीनं बोटं मोजली. "अत्रे 1969. 2029 चं वर्ष संपेपर्यंत थांबायला पाहिजे होतं."

"म्हणजे लेखकानं मरायचं, वर साठ वर्षं मेलेलं राहायचं, मग बंडाला सोयीचा होतो," दस्तगीर म्हणाला. "मेलेला लेखक बरा. तालमीला येत नाही."

सरांना देवलांचं नाव निघाल्यावर राहवलं नाही. "मुळात देवलांनी तरी काय केलं? संशयकल्लोळ हे मुळात मोलिएरचं. इंग्रजीतून फिरत फिरत आलेलं. म्हणजे विनोदी लेखक मुळात दुसऱ्याचंच..."

"पण 1893 ला गद्य फाल्गुनराव केला," आबा म्हणाले, "आणि तेच नाटक पदं घालून 1916 साली पुन्हा उभं राहिलं. तेवीस वर्षांनी. हसणारं नाटक होतं ते, सर. तेवीस वर्षं डोक्यातनं गेलं नाही त्यांच्या. मी विंगेत बसून किती वेळा वाचलंय, एक शब्द मागं-पुढं केला की नट माझ्याकडं बघायचा. हसू चुकलं की नटाला आधी कळतं. आम्हाला त्याच्याही आधी."

आबांना बोलताना दम लागला. अक्कांनी त्यांना पाणी दिलं आणि पहिल्यांदाच चर्चेत तोंड घातलं. "पंढरी पंढरी म्हनायचं, आन् इठोबाच्या म्होरं चार आनं टाकायचं न्हाईत. मी बी गेलते त्या नाटकाला. शंभर रुपये दिलं. त्यातलं त्याला काय पोचलं?"

बंडा म्हणाला, "अक्का, तुमी पण?"

"मग! शेवटाला दोघं भाऊ गळ्यात पडून रडाय लागली, वर गानं. मला वाटलं ह्ये काय. माज्या दिरानं आनि मालकानं पुरात एकमेकाला बोटीत ढकलताना शिव्या घातल्या हुत्या. गळ्यात कोन पडतंय?"

अक्कांनी मूळ संहिता वाचलेली नाही, त्यांना वाचता येत नाही. पण मूळ शेवट नेमका तोच आहे. बोट येते. खालून आवाज येतो, एकालाच जागा आहे. धाकटा म्हणतो, म्हशे, सांग त्याला, तो थोरला, त्यानं जावं. थोरला म्हणतो, म्हशे, सांग त्याला, मला त्याचे उपकार नकोत. असं करता करता बोट निघून जाते. अंधार. आणि मग पहिल्यांदा धाकटा म्हशीकडं न बघता थोरल्याकडं बघून विचारतो, "चहा घेणार?" पडदा. तीस वर्षांतलं पहिलं थेट वाक्य. अख्खं नाटक त्या दोन शब्दांसाठी रचलंय. मंडळानं दुसऱ्या अंकातच दोघांना बोलायला लावलं, मग शेवटी उरलं काय? म्हणून गाणं घालावं लागलं. मी हे सगळं त्या संध्याकाळी बोललो, जरा जोरातच बोललो. आजूबाजूचे लोक बघायला लागले इतक्या जोरात. बंडा माझा शाळेपासूनचा मित्र आहे. त्याला मी म्हणालो, "तू त्याचे हजार बुडवलेस हे मला लागलं. पण त्याचं 'चहा घेणार' बुडवलंस, हे मी विसरणार नाही."

बंडानं तोंड फिरवलं आणि नदीकडं बघत बसला.

तो वाईट माणूस नाही. पुरात त्याच्याच मंडळाच्या पोरांनी गल्लीतली म्हातारी माणसं खांद्यावरून काढली होती, त्यात माझी आई होती. नाटक त्यानं हौसेनं केलं. पण हौस आहे म्हणून दुसऱ्याचं न विचारता घ्यायचं, ही सवय गावाला लागलीय, एकट्या बंडाला नाही. एकांकिका, गॅदरिंग, सोसायटीचं स्नेहसंमेलन, सगळीकडं त्याची नाटकं होतात. अकरा नाटकं, किती प्रयोग झाले असतील! त्यानं मला सांगितलंय, आजवर मानधन आलं ते सात वेळा. त्यातलं दोनदा नारळाबरोबर.

बराच वेळ तसाच गेला. दस्तगीर एका टोकाला, बंडा दुसऱ्या टोकाला, दोघांची तोंडं उलट्या दिशांना. मध्ये सर, मफलर सारखा करत.

मग बंडा नदीकडं बघतच म्हणाला, "सर, सांगा त्याला, भोपळ्याचे पैसे मी देतो म्हणून."

दस्तगीरही न वळता म्हणाला, "सर, सांगा त्याला, भोपळ्याला पैसे नकोत. भोक बुजवून दे म्हणावं."

"सर, सांगा त्याला, भोक बुजत नसतंय."

"सर, विचारा त्याला, मग लेखकाचं कोण बघणार?"

"सर, सांगा त्याला, बुधवारी मीटिंग हाय. विषय घेतो म्हणावं."

"सर, विचारा त्याला, विषय घेतो का पैसे देतो?"

सर एकदा इकडं, एकदा तिकडं मान फिरवत होते. निरोप पोचवायला तोंड उघडायचे, तोवर पुढचं वाक्य यायचं. अवीच्या आधी लक्षात आलं. त्यानं माझ्या मांडीवर फाडकन चापट मारली आणि सरांच्या मफलरचं टोक हळूच धरून ताणलं.

"म्हैस 'नाही' म्हणायलीय!"

आबांच्या तोंडातला चहा उडाला. अक्का गाड्याला धरून खाली बसल्या. सर म्हणाले, "मुळात मला मध्ये का..." आणि 'मध्ये' म्हणता म्हणता त्यांना स्वतःलाच कळलं, आणि ते जे हसायला लागले ते थांबेनात. दसऱ्याला ते माझ्याच रांगेत बसले होते, तेव्हा हसले नव्हते. आता खोकला येईपर्यंत हसत होते आणि मफलरनं डोळे पुसत होते. बंडा कट्ट्यावर आडवा झाला. दस्तगीर भिंतीकडं तोंड करून हसत होता, खांदे हलताना दिसत होते.

"ओळ वापरलीस," तो कसाबसा म्हणाला. "आख्खा सीन वापरलास. हजार काढ."

"देतो की मर्दा. बुधवारी मीटिंगमध्ये पहिला विषय. नावबी लावतो, पुढच्या खेळाला लावतो, बोर्डावर लावतो. थर्माकोलची म्हैसबी जाळतो."

"जाळू नको. सरांना दे घरी."

पुन्हा सगळे कोसळले. 5 नोव्हेंबरला लेखकाला खुर्चीवर बसवायचं का, आणि तो येईल का, हा विषय मी काढून बघितला, पण आता कुणाचंच लक्ष नव्हतं. बंडा म्हशीचा आवाज काढत होता.

अक्का उठल्या, पदरानं तोंड पुसलं. "बारा च्या, दोन भडंग. कुनाकडं लावायचं?"

बंडा आणि दस्तगीर एकदमच वळले.

"म्हशे," दस्तगीर म्हणाला.

"सांग त्यांना," बंडा म्हणाला.

सर आधीच पाकीट शोधत होते.